सीझरला उशीर झाला, बाळाला इजा झाली: चूक होती की नव्हती, हे ठरतं कसं?

"सीझर आधी केलं असतं तर पोरगं ठीक असतं." नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांच्या जिन्यांवर, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यात हे वाक्य नेहमी कानावर येतं. कधी ते पूर्ण खरं असतं, कधी अर्धं, आणि कधी त्यात काहीच तथ्य नसतं. बोलणाऱ्याला मात्र ते शंभर टक्के खरं वाटत असतं. नऊ महिने सगळं "नॉर्मल" होतं, सोनोग्राफी चांगली होती, आणि बाळ जन्मलं ते रडलंच नाही. थेट पेटीत ठेवावं लागलं.

यानंतर बहुतेक घरं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण "देवाच्या मनात नव्हतं" म्हणून गप्प बसतात, तर काही जण रिसेप्शनची काच फोडतात. दोन्हींतून त्या बाळाच्या पदरात काहीच पडत नाही. कायद्यात तिसरी वाट आहे. ती लांबची आहे, दमवणारी आहे, आणि ती पुढे सरकते फक्त एका प्रश्नावर: उशीर मोजायचा कुठल्या मिनिटापासून?

कळा चालू असताना पोटात काय होतं

पोटातलं बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन मिळतो तो वारेतून आणि नाळेतून, आईच्या रक्तातून. कळ आली की गर्भपिशवी आवळते, तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ पुरवठा कमी होतो. कळ ओसरली की तो पूर्ववत होतो.

उन्हाळ्यात गावच्या विहिरीत डुबक्या मारणारं पोट्टं डोळ्यांसमोर आणा. खाली जातं, वर येतं, दम घेतं, पुन्हा खाली जातं. असं ते तास न् तास करू शकतं. पण वर आल्यावर दम घ्यायला पुरेसा वेळ मिळाला नाही, किंवा मुळात ते आजारातून नुकतंच उठलेलं असेल, तर चौथ्या-पाचव्या डुबकीलाच त्याची दमछाक होते. कळांचंही तसंच आहे. सलाइनमधून कळा वाढवण्याचं औषध देतात ना, ऑक्सिटोसिन, ते जास्त झालं की कळांमधलं अंतर संपतं. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत राहिल्या तर बाळाला दम घ्यायला फुरसत उरत नाही. म्हणून ते औषध चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्यात हयगय चालत नाही.

ठोक्यांवरून बाळाची अवस्था कळते. साधारण मिनिटाला ११० ते १६० ठोके ठीक समजतात. कळ संपल्यानंतरही ठोके उतरलेलेच राहत असतील, किंवा एकदम ८०-९० वर येऊन तिथेच अडकले असतील, तर बाळ अडचणीत असू शकतं. "बाळाने पोटात शी केली" ही दुसरी खूण, पण ती एकटी पुरेशी नाही. दिवस उलटून गेलेल्या बाळांत ती बऱ्याचदा दिसते आणि बाळं ठणठणीत असतात. शी केली आणि ठोकेही बिघडले, तर मात्र गोष्ट वेगळी.

बाईला कसलाही जास्तीचा धोका नसेल तर कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळंतपणाच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे बाई जोर लावत असताना, दर ५ मिनिटांनी ठोके ऐकावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यासाठी मोठं मशीन लागत नाही. नर्सच्या हातातलं ठोके ऐकायचं छोटं यंत्र, डॉपलर, पुरतं. ऐकलेलं लिहून ठेवायचा एक तक्ता असतो, त्याला पार्टोग्राफ म्हणतात: एकाच कागदावर वेळ, ठोके, कळा, पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळ किती खाली सरकलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

इजा म्हणजे नेमकी कोणती

ऑक्सिजन बराच वेळ कमी पडला की मेंदूला फटका बसतो. डिस्चार्ज कार्डावर "एचआयई" अशी तीन अक्षरं दिसली तर ती याचीच. बाळ सुस्त पडतं, दूध ओढत नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येतात. सौम्य प्रकारातली बरीच बाळं पुढे चांगली वाढतात. तीव्र प्रकारात जीव जातो, किंवा पुढे सेरेब्रल पाल्सी होते: हातापायांत ताठरपणा, मान उशिरा धरणं, बसणं-चालणं मागे पडणं.

जन्मल्यावर बाळाला अपगार नावाचे गुण देतात. अमेरिकन भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली ही पद्धत बसवली. रंग, नाडी, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन, एकूण दहापैकी. पहिल्या मिनिटाला तीन आणि पाचव्याला आठ असेल तर फारसं घाबरण्याचं कारण नसतं. पाचव्या आणि दहाव्या मिनिटालाही तीनच असेल तर काळजी करावी लागते.

उशिराची किंमत कधी आईही मोजते. आधीचं सीझर झालेल्या बाईची जुनी शिवण कळांमध्ये फाटू शकते. तिथे आई आणि बाळ दोघांचाही जीव मिनिटांवर असतो. आईच्या इजेची दाद वेगळी मागता येते, हे बाळाच्या धावपळीत घरचे साफ विसरतात.

"जिकडेतिकडे सीझरच करतात, मग उशीर कसा होईल?"

हा प्रश्न बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सीझरने झालेली दिसली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत हा आकडा ४७.४ टक्के, सरकारीत १४.३ टक्के. म्हणजे गरज नसताना सीझर होतात, यात शंका नाही.

पण ज्या बाईला खरंच घाईचं सीझर लागतं ती नेमकी अनेकदा अशा जागी असते जिथे ते होऊ शकत नाही. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, पलीकडून छिंदवाडा-बालाघाट, इथल्या अडलेल्या बाया नागपुरात रेफर होऊन येतात. तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ असतो तर भूलतज्ज्ञ नसतो, दोघं असतात तर रक्त नसतं. शहरातल्या छोट्या नर्सिंग होममध्येही भूलतज्ज्ञ रात्री घरूनच बोलवावा लागतो. पाटी मात्र "२४ तास प्रसूती व सिझेरियन" अशी असते. माझ्या मते अशा पाटीलाही कायद्यात वजन असलं पाहिजे: जी सेवा देतो म्हणून तुम्ही पेशंट भरती करून घेतला, ती रात्री दोन वाजता नसेल तर ते भरती करतानाच सांगायला हवं होतं, किंवा वेळेत पुढे पाठवायला हवं होतं.

ती प्रसिद्ध तीस मिनिटं

सीझर करायचं ठरल्यापासून तीस मिनिटांत बाळ बाहेर हवं, असा एक मापदंड जगभर सांगितला जातो. वकिलांच्या नोटिशीत तो हमखास असतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत जिवावरच्या प्रसंगासाठी ३० मिनिटं आणि त्याखालच्या निकडीसाठी ७५ मिनिटं धरली आहेत. हा मापदंड हॉस्पिटलने स्वतःचं काम तपासण्यासाठी आहे. एकतिसाव्या मिनिटाला डॉक्टर दोषी ठरत नाही. उलट नाळ बाहेर आली असेल किंवा पिशवी फाटली असेल तर तीस मिनिटंसुद्धा जास्तच होतात.

यापेक्षा मोठी अडचण अशी की घड्याळ सुरू होतं ते "ठरल्यापासून". ठरवायलाच उशीर झाला असेल तर? एक काल्पनिक केसपेपर वाचून बघू.

रात्री १.१० – ठोके १४०, पिशवीचं तोंड ६ सेंटीमीटर, कळांचं सलाइन चालू. २.२५ – ठोके ९०, डाव्या कुशीवर वळवलं, सलाइन बंद. २.३० – डॉक्टरांना फोन. २.५० – डॉक्टर आले, सीझर ठरलं. ३.०५ – संमतीची सही. ३.२० – भूलतज्ज्ञ आले. ३.३४ – बाळ बाहेर, रडलं नाही.

हॉस्पिटल म्हणेल, ठरल्यापासून ४४ मिनिटं. मध्यरात्री, छोट्या ठिकाणी, हे वाजवी आहे. घरचे म्हणतील, ठोके पडल्यापासून ६९ मिनिटं. दोघंही आपापल्या जागी बरोबर मोजताहेत, आणि दोघांचंही लक्ष चुकीच्या जागी आहे. खरं भगदाड १.१० आणि २.२५ च्या मधलं आहे. कळांचं औषध चालू असताना सव्वा तास कुणी ठोके ऐकल्याची नोंद नाही. ठोके २.२५ ला पडले की १.४० ला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते सांगता न येण्याची जबाबदारी हॉस्पिटलवर येऊ शकते. चांगला वकील इथेच बोट ठेवतो.

आता याच केसपेपरात २.५२ ला एक ओळ वाढवा: "सीझरची गरज समजावली, नातेवाईक नॉर्मलसाठी आग्रही, थांबण्यास सांगितले", खाली सासऱ्याची सही. केसचा रंगच बदलतो. अशी ओळ असू शकते, कारण "डॉक्टर, अजून थोडं बघा ना" आपणच म्हणतो. मात्र एक लक्षात घ्या: सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिने स्वतः द्यायची असते. नवरा यवतमाळहून निघालाय, तो आल्याशिवाय सही होणार नाही, म्हणून अर्धा तास गेला असेल तर ते कारण कायद्यात टिकणं कठीण.

फाइल कशी मिळवायची

बाळ अजून आयसीयूत असतानाच हे काम एखाद्या थंड डोक्याच्या मामा-काकाकडे सोपवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपण्याचं बंधनही त्यातच आहे. "ही हॉस्पिटलची प्रॉपर्टी आहे, देता येत नाही" असं काउंटरवर ऐकवलं जातं; मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच प्रती द्याव्या लागतील असं स्पष्ट केलं आहे.

अर्ज लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन समाधान मानू नका; ते सगळं आटोपल्यावर लिहिलेलं असतं. हवे आहेत ते आईचा पूर्ण केसपेपर, नर्सच्या नोंदी, पार्टोग्राफ, औषधांचा तक्ता, संमतीपत्र, भुलेची नोंद, ऑपरेशनची नोंद, बाळाचा वेगळा केसपेपर, नाळेच्या रक्ताची तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आणि रेफर केलं असेल तर ती चिठ्ठी. सरकारी दवाखान्यात माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस.

ठोक्यांच्या मशीनमधून निघणारी कागदी पट्टी बहुतेक वेळा एटीएमच्या पावतीसारख्या कागदाची असते. उष्णतेने तिच्यावरची छपाई उडते. नागपूरचा एक मे महिना पत्र्याच्या कपाटात काढला की तिच्यावर फिकट राखाडी डाग उरतात. हातात आली त्याच दिवशी तिचे फोटो काढा, झेरॉक्स करा.

आणखी एक पुरावा तुमच्याच खिशात असतो: मोबाइलची कॉल यादी. "आता ऑपरेशनला नेलं" म्हणून भावाला केलेला फोन, "डॉक्टर अजून आले नाहीत" हा फॅमिली ग्रुपवरचा मेसेज, १०८ ला लावलेला फोन. केसपेपरातल्या वेळा आणि या वेळा जुळतात का ते पाहा. बाळाच्या जन्माची वेळ लेबर रूमच्या नोंदीत एक, ऑपरेशनच्या नोंदीत दुसरी आणि आयसीयूच्या कागदावर तिसरी असेल तर तो निव्वळ गोंधळही असू शकतो, मागाहून लिहिल्याची खूणही असू शकते. दोन्ही शक्यता मनात ठेवून ते कागद वकिलाला दाखवा.

कायदा काय विचारतो

निष्काळजीपणा सिद्ध करायला तीन दुवे जोडावे लागतात. डॉक्टरने वाजवी काळजी घेतली नाही. बाळाला इजा झाली. आणि ती इजा त्या कसुरीमुळेच झाली. पहिले दोन जमतात. तिसऱ्यात बहुतेक केस अडकतात.

वाजवी काळजी म्हणजे देशातल्या सर्वोत्तम डॉक्टरने घेतली असती ती नव्हे. त्या विषयातला साधारण जाणकार डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल, ते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात हाच निकष पक्का केला. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती फसली, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही.

तिसऱ्या दुव्याची गोष्ट कटू आहे, पण सांगायला हवी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी बहुतेकांत तिचं मूळ बाळंतपणाच्या त्या काही तासांत नसतं. दिवस भरण्याआधी जन्म, गर्भात वाढ खुंटणं, जंतुसंसर्ग, जनुकीय कारणं अशी अनेक कारणं असतात. म्हणून ग्राहक आयोगापुढे हॉस्पिटलचा वकील विचारतोच: सीझर एक तास आधी झालं असतं तरी हे झालंच नसतं कशावरून? उत्तर जुळवून आणावं लागतं. नाळेच्या रक्तातली आम्लता, पाच-दहा मिनिटांचे अपगार, पहिल्या दिवसांतले झटके, इतर अवयवांना बसलेला फटका, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतला एमआरआय. ऑक्सिजन एकदम तुटला तर मेंदूचा आतला भाग दुखावतो, हळूहळू कमी पडत गेला तर कडेचे पट्टे. अनुभवी रेडिओलॉजिस्टला हे चित्रात ओळखू येतं. एमआरआय लवकर करून घेण्याचा आग्रह यासाठी धरायचा. उपचारालाही तो लागतोच.

याच संदर्भात अलीकडे आणखी एक आरोप ऐकू येतो, "बाळाला थंड करायची ट्रीटमेंट दिली नाही". जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३ ते ३४ अंशांवर आणून ७२ तास ठेवतात, ती पद्धत. श्रीमंत देशांत तिचा फायदा दिसला. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांतला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास उलटं सांगतो: फायदा तर झाला नाहीच, थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त दिसले. त्यामुळे नुसत्या या मुद्द्यावर आपल्याकडे केस उभी करणं अवघड आहे.

जायचं कुठे

खासगी हॉस्पिटलसाठी सर्वांत वापरातला रस्ता ग्राहक आयोगाचा. पैसे घेऊन केलेला उपचार ही "सेवा" आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात "आरोग्यसेवा" हा शब्द नाही म्हणून डॉक्टर त्यातून सुटले, असा युक्तिवाद झाला होता. तो मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. १९९८ च्या एका निकालाने बाळ आणि आईवडील दोघंही ग्राहक धरले. इजेची भरपाई बाळाला आणि मनस्तापाची आईवडिलांना, अशी वेगवेगळी मिळू शकते.

कुठल्या आयोगात जायचं हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, हॉस्पिटलला दिलेल्या पैशांवर ठरतं. बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे ८० हजारांच्या बिलावर दोन कोटी मागायचे असले तरी नागपूरच्या जिल्हा आयोगातच. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तुम्ही जिथे राहता तिथेही तक्रार करता येते, त्यामुळे बाळंतपण माहेरी अमरावतीला झालं आणि घर हुडकेश्वरला असेल तर नागपूर चालतं. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर कारण पटवून माफी मागता येते, पण "मूल तीन वर्षांचं झाल्यावर लक्षात आलं" हे पटवणं सोपं नसतं. आधी दोन वर्षं धरूनच चाला.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच उपचार फुकट असतील तर ग्राहक आयोगाचं दार बंद. केसपेपरचे पाच-दहा रुपये भरले म्हणून ते उघडत नाही. पण म्हणून हक्क संपत नाही. दिवाणी दावा करता येतो, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणानंतरच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एका बाईचा मृत्यू झाला. त्यात राज्य सरकार जबाबदार आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. निकाल आला १९९६ मध्ये. तेहतीस वर्षं! हे घाबरवायला लिहीत नाही, पण दिवाणी रस्ता निवडताना हे माहीत असावं. कामगार विम्याच्या दवाखान्याचं मात्र वेगळं आहे. पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून २००७ च्या निकालानुसार तिथला रुग्ण ग्राहक आहे. हिंगणा-बुटीबोरीतल्या कामगारांच्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी निलंबित होऊ शकते. भरपाई तिथे मिळत नाही.

आणि पोलीस? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण फौजदारी गुन्ह्यासाठी कसूर ढोबळ, अगदी डोळ्यांत भरणारी लागते, आणि जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी, मत घ्यायचं असतं. बहुतेक कुटुंबांनी सुरुवात इथून करू नये असं मला वाटतं. मत देणाऱ्या त्या डॉक्टरांचा अहवाल "निष्काळजीपणा आढळत नाही" असा आला की तोच कागद पुढे ग्राहक आयोगात तुमच्यासमोर ठेवला जातो.

तोडफोडीबद्दल एकच सांगतो. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. बाप आत आणि बाळ आयसीयूत, अशी अवस्था होते.

"डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध बोलतच नाहीत"

हे गाऱ्हाणं खोटं नाही. एकाच शहरातले, एकाच कॉलेजातून शिकलेले, संध्याकाळी एकाच क्लबात भेटणारे लोक. म्हणून तज्ज्ञाचं मत नागपूरबाहेरून घ्यायला हरकत नाही. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागतोच असंही नाही. चूक उघड असेल तिथे त्याशिवायही निर्णय देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे. उशिराच्या केसमध्ये मात्र तज्ज्ञ लागतोच असं समजून चाला. आणि त्याच्याइतकाच बोलका साक्षीदार म्हणजे छापील मार्गदर्शक सूचना आणि तुमच्या फाइलीतला पार्टोग्राफ, शेजारीशेजारी ठेवलेले.

"वकिलाला द्यायला पैसे कुठून आणू?"

ग्राहक आयोगात तक्रार स्वतःही चालवता येते, पण अशा केसमध्ये तो मोह टाळा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला आणि बालकं मोफत वकिलाला पात्र आहेत, उत्पन्नाची अट न बघता. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

किती मिळेल, हा पुढचा प्रश्न. ठरलेला दर नाही. आतापर्यंतचा खर्च, पुढची थेरपी, सांभाळणारा माणूस, मुलाची बुडालेली कमाई आणि मनस्ताप हे सगळं धरलं जातं. तामिळनाडूत सरकारी रुग्णालयात डोळ्यांची तपासणी वेळेत न सुचवल्याने दृष्टी गेलेल्या एका कमी दिवसांच्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १.८ कोटी दिले, आणि पुढच्या उपचारांचा खर्च मोजताना महागाई धरली. ते टोकाचं उदाहरण आहे. जिल्हा पातळीवरच्या रकमा सहसा खूप कमी असतात. हरलेल्या हॉस्पिटलला राज्य आयोगात अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे, मुंबईच्या चकरा वाचतात.

केस चालू असताना बाळाचं काय

कायद्याप्रमाणे तक्रार तीन ते पाच महिन्यांत निकाली निघायला हवी. निघत नाही, वर्षं जातात. मेंदूचं तसं नसतं, पहिली दोन-तीन वर्षं थेरपीसाठी सोन्यासारखी. म्हणून फिजिओथेरपी केसच्या निकालावर टांगून ठेवू नका. विकासात मागे पडणाऱ्या बाळांसाठी सरकारी योजनेतून जिल्हा पातळीवर लवकर उपचारांची केंद्रं चालतात. कुठलं जवळ पडेल ते आशाताईला किंवा अंगणवाडीत विचारा. सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं की दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळतो, थेरपीसुद्धा.

थेरपीच्या प्रत्येक पावतीवर बाळाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. ऑटोने जात असाल तर एका वहीत तारीख आणि भाडं टिपत जा. आईने नोकरी सोडली असेल तर राजीनाम्याची प्रत आणि शेवटची पगाराची स्लिप त्याच फाइलीत ठेवा. आयोगापुढे "खूप खर्च झाला" याला मोल नाही, बेरीज केलेल्या वहीला आहे.